तंबू कुठे ठोकावा? नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही तंबू विकत घेतला आहे. खोक्यावर 'चार माणसांसाठी' असं छापलेलं आहे. ही माणसं कोणत्या देशातली, ते कंपनीने सांगितलेलं नाही. आपल्या मापाने त्यात दोन माणसं, एक सॅक आणि एक चपलांचा जोड मावतो. दिवाणखान्यात तो एकदा उभा करून झाला आहे, मुलांनी आत बसून मॅगी खाल्ली आहे, आणि आता घरातले विचारू लागले आहेत की हे प्रकरण सोफ्यासमोरून कधी हलणार.

पुण्या-मुंबईकडून शनिवारी निघून रविवारी परत येता येईल अशी मुक्कामाची जागा कशी शोधावी, हे पुढे क्रमाने सांगितलं आहे. घाईत असणाऱ्यांनी थेट पायरी पाचवर जावं.

पायरी १ : 'जवळ' म्हणजे किती, ते ठरवा

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. किलोमीटर पेट्रोलच्या हिशेबाला ठीक. शनिवारी सकाळी चांदणी चौकात किंवा खंडाळ्याच्या घाटात उभं राहिलं की माणसाला अंतराची खरी एककं कळतात.

हिशेब उलटा करावा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. तंबू पहिल्यांदा उभा करणाऱ्याला उजेडातले दोन तास लागतात: एक तास तंबूला, एक तास 'हा दांडा कुठला' या चर्चेला. म्हणजे चारला जागेवर पोचलं पाहिजे. मुंबईहून भंडारदऱ्याला चारला पोचायचं तर सकाळी दहाला निघावं. दहाला निघायचं ठरवलं की साडेअकराला निघणं होतं, म्हणून साडेआठ ठरवावं. हे गणित ज्या ठिकाणासाठी जमत नाही ते ठिकाण तुमच्यासाठी जवळ नाही, मग ते नकाशावर कितीही जवळ दिसो.

पायरी २ : फोनला विचारा

विचाराच. नाही विचारलं तर रुखरुख राहील.

फोन पवना म्हणेल. तुम्ही काहीही टाइप केलं तरी पवनाच म्हणेल. पवना धरणाच्या काठाने तंबूंच्या ओळी लागलेल्या असतात आणि भोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले उभे असतात. पॅकेजमध्ये संध्याकाळी चहा-भजी, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे आणि मधल्या वेळात गाणी मिळतात. 'लेकव्ह्यू' तंबू घेतला तर तुमच्या पुढच्या तंबूतल्यांना पाणी दिसतं.

जाणकार लोक नाक मुरडतात, तुम्ही मुरडू नका. पवन्याला एक गोष्ट असते जी तोरण्याच्या पायथ्याला, घाटघरच्या माळावर किंवा कोकणकड्यावर नसते: संडास. तंबूत झोप लागते का, पाठ दुखते का, जोडीदार दुसऱ्या दिवशी बोलतो का, हे तपासायला पहिली रात्र इथे काढायला हरकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, हे मात्र लक्षात ठेवा. शेजारच्या तंबूवाल्यांनी ते लक्षात ठेवलेलं नसतं, तेव्हा कुणीतरी ठेवायला हवं.

पायरी ३ : उपग्रहाच्या नकाशावर स्वतः जागा हेरा

एक रात्र पॅकेजमध्ये काढली की माणूस स्वावलंबी होतो. तो रात्री अंथरुणात फोनवर नकाशा मोठा करून बघतो आणि त्याला पाण्याकाठी, झाडीजवळ, एकही घर नसलेला हिरवागार सपाट तुकडा सापडतो. 'हे कुणालाच कसं माहीत नाही!' असं त्याच्या मनात येतं.

ते सगळ्या गावाला माहीत आहे. ते भातखाचर आहे.

सह्याद्रीत सपाट जमीन आपोआप होत नाही. कुणाच्या तरी आज्या-पणज्याने उतार फोडून, बांध घालून ती केलेली असते. फोटो पावसाळ्यानंतरचा असेल तर हिरवळ दिसते; तुम्ही जानेवारीत पोचाल तेव्हा तिथे धसकटं असतील, आणि तंबूचा तळ त्यांच्यावर टेकला की कंपनीने जाहिरातीत सांगितलेल्या टिकाऊपणाची परीक्षा होईल. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर खाचरात पालापाचोळा, शेण आणि वाळक्या फांद्या नीट थर लावून रचलेल्या दिसतील. ते शेकोटीसाठी कुणी ठेवलेलं सरपण नाही. तो राब आहे. तो भाजून त्याच जागी पुढे भाताची रोपं टाकायची असतात. त्यातल्या फांद्या ओढून शेकोटी पेटवणं म्हणजे माणसाचं जूनचं पीक डिसेंबरच्या हौसेने एप्रिलात जाळणं.

आता पाण्याबद्दल. शनिवार-रविवारी आपण ज्या तळ्यांच्या काठी जातो ती बहुतेक धरणं आहेत. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 चं, भोरजवळचं भाटघर 1928 चं, मुळशी टाटांचं. धरण पावसाळ्याअखेर भरलेलं असतं आणि नंतर पाणी सोडतात तसं मागे सरकत जातं. फोटोत लाटा जिथे टेकलेल्या आहेत तिथे मार्चमध्ये पाणी नसतं. असतो तो गाळ: वरून तडकलेला, आतून ओला, चप्पल ठेवून घेणारा. गाळावर कुठे हिरवं दिसलं तर तेही कुरण समजू नका. पाणी उतरलेल्या जमिनीत गाळपेर करतात, तेव्हा तो कुणाचा तरी हरभरा असेल.

आणखी एक. या पाण्याखाली गावं आहेत. मुळशीला 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो जमिनी जाणार म्हणूनच. काठावरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना तुमच्या तंबूसमोरच्या देखाव्यात देखाव्यापेक्षा बरंच काही दिसतं. हे ठाऊक असलं की 'इथे कुणीच राहत नाही, मस्त आहे' हे वाक्य त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही.

पायरी ४ : स्वयंपाकघरात जा

कॅम्पिंगचं सर्वात उपयोगी साधन तिथे खिळ्याला टांगलेलं आहे. दूधवाल्याचे खाडे मांडलेलं कॅलेंडर उतरवा आणि तिथी बघा.

तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आगेमागे जावं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो. बॅटरी वाचते, पण आकाश धुऊन निघतं. दोन्ही हवं असेल तर संकष्टी साधावी. चंद्रोदय किती वाजता ते आजीला पाठ असतं. तोवर दोन-तीन तास काळोख मिळतो, नंतर भांडी घासायला उजेड मिळतो. घरच्या मंडळींचा उपासही सुटतो, पण मोदक कोण करणार हे आधी ठरवून निघावं.

नागाव, आक्षी, काशीदकडे किनाऱ्यावर जायचं असेल तर तीच तिथी भरती सांगते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चार पाऊणे तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि पुन्हा पहाटे साडेतीनच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी सहाला तुम्ही ज्या ओल्या, गुळगुळीत, फोटोत सुरेख येणाऱ्या वाळूवर तंबू ठोकता आहात ती वाळू समुद्राने थोड्या वेळापुरतीच मोकळी केलेली आहे. हा हिशेब ढोबळ आहे, स्थानिक कोळ्याला विचारून पक्का करावा. कुणीच भेटलं नाही तर किनाऱ्यावर वाळलेल्या काटक्या, शिंपले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांची एक लांब रेघ दिसते, ती बघावी. समुद्र तिथवर येऊन गेलेला आहे. तंबू तिच्या बराच वर, सुरूच्या बाजूला.

काजव्यांसाठी मेअखेर ते पावसाचे पहिले दिवस. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी ही नावं सगळ्यांना माहीत झाली आहेत, म्हणून शनिवारी तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त चमकतात. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. तुम्ही हेडलाइट लावून उभे राहिलात तर त्याचं लग्न मोडतं. शक्य तर सोमवार-मंगळवार गाठा, दिवे बंद ठेवा आणि गाडी लांब लावून चालत जा.

पायरी ५ : मालक शोधा

ही खरी पायरी. आधीच्या चार वाचल्या नसत्या तरी चाललं असतं.

महाराष्ट्रात मोकळी जागा नाही. कुंपण नाही म्हणजे मालक नाही, हा शहरी गैरसमज आहे. ज्या तुकड्यावर तुम्ही उभे आहात तो कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, नाहीतर गायरान आहे, देवस्थानाचा आहे, वनखात्याचा आहे किंवा जलसंपदा विभागाचा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथे रात्री कुठे राहता येतं आणि कुठे नाही, ते निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारावं. वासोट्याला बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडून जातात, पण परवाना काढून, आणि संध्याकाळच्या आत परत फिरायच्या बोलीवर. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे. जांभ्यावरची बोटभर माती म्हणजे तिथल्या फुलांची सगळी इस्टेट, तिच्यात खुंट्या ठोकू नयेत. देवराईत तर वाळकी काटकीही उचलू नये. देव रागावेल की गाव, याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

उरतात वाड्या. भोर, वेल्हे, मावळ, अकोले, जिथे जाल तिथे गाडी पारापाशी थांबवून उतरावं आणि विचारावं. खिडकीची काच खाली करून विचारलेलं धरत नाहीत. नवशिक्यांच्या सोयीसाठी भाटघरच्या काठच्या एका वाडीतलं नमुना संभाषण पुढे दिलं आहे. मामा पारावर बसून दोरी वळत आहेत.

तुम्ही : राम राम, मामा.

मामा : राम राम. कुठनं आला?

तुम्ही : पुण्याहून.

मामा : पुन्यात कुठं?

(सोसायटीचं नाव सांगू नये, चौक सांगावा. मामांचा भाचा त्या चौकात टेम्पो लावतो.)

तुम्ही : आज रात्री इथे कुठे तंबू लावला तर चालेल का?

मामा : कशापायी?

(या प्रश्नाचं पटण्यासारखं उत्तर नाही. 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं म्हणू नये. 'सहज, पोरांना घेऊन' चालतं.)

मामा : वर देऊळ हाय की. पत्रा हाय, लाइट हाय. तितं ऱ्हावा.

तुम्ही : नाही, तंबूतच झोपायचं आहे.

मामा : (तंबूच्या पिशवीकडे बराच वेळ बघत) केवढ्याला पडला?

(खरी किंमत निम्मी करून सांगावी. मामांना तीही जास्तच वाटणार आहे.)

मामा : मग पान्यापाशी नका लावू. रातचं डुकरं येत्यात. तितं आमचं खळं हाय, त्येच्यावर लावा. आन जेवनाचं काय?

संभाषण संपलं. आता हिशेब करा. सपाट, चोपलेली, सारवलेली जमीन मिळाली. मळणी उरकलेलं खळं हे तंबूसाठी सह्याद्रीतलं पहिल्या प्रतीचं आसन आहे. रानडुकरांची वाट कळली. देवळाचं छप्पर राखीव ठेवलं गेलं. पाणी, प्यायचं आणि वापरायचं, कुठलं ते आता विचारलं की कळेल. आणि रात्री काही झालं तर हाक मारायला एक नाव आहे. पाच तारांकित ॲपमध्ये यातलं एकही मिळत नाही. जागा चांगली आहे की नाही हे शेवटी जमिनीवरून ठरत नाही, तिथे तुम्हाला कुणी ठेवून घेतलं आहे की तुम्ही घुसला आहात यावरून ठरतं.

जेवणाला नको म्हणू नका. मावशींना पिठलं-भाकरी सांगा आणि पैसे विचारून द्या. 'कशाला पैसं' असं एकदा म्हटलं जाईल. ती रीत आहे, सूट नव्हे.

पायरी ६ : जागेची पाहणी

मामांनी जागा दाखवली तरी तंबू उलगडण्यापूर्वी तिथे आडवे व्हा. लाज वाटेल, पण पाठीखालचा दगड आत्ता सापडतो, रात्री दोनला तो फक्त जाणवतो. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडे.

मग वर बघा. वठलेली फांदी असेल तर सरका. उंबराखाली झोपू नका. फळांसाठी वटवाघळं रात्रभर येत राहतात आणि फळं खाली टाकतात, फळांसाठी मुंग्या येतात. झाडाला किंवा कड्याला आग्यामोहोळ लोंबत असेल तर तिथे शेकोटी, धूर, अत्तर, डिओ काही नको. ती माशी पाठलाग करते आणि तंबूची चेन लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा देत नाही.

मग खाली बघा. कोरडा ओढा आणि नदीचं पात्र कितीही सपाट असलं तरी वर्ज्य. वरच्या अंगाला वळीव कोसळला किंवा धरणातून पाणी सोडलं तर पात्राला आपलं काम आठवतं. गुरांच्या वाटेवर तंबू नको. म्हशींना पहाटे पाचला पाण्यावर जायचं असतं आणि त्या वळसा घेत नाहीत.

संडासाची जागा उजेडातच ठरवा. पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा-आठ इंच खड्डा, नंतर माती. कागद पिशवीत घालून परत आणायचा. हे वाक्य वाचून पुष्कळांचा तंबू पुन्हा खोक्यात जातो, आणि ते योग्यच आहे.

पायरी ७ : रात्र

हिवाळ्यात थंड हवा उतारावरून खाली येऊन खोलगटात आणि पाण्याकाठी साचते. म्हणून मामांचं खळं काठापासून थोडं वर आहे, हे थट्टेत घालवू नका. तेवढ्या चढानेही पहाटेची कुडकुड कमी होते. पहाटे तंबूच्या आतल्या कापडाला हात लावला तर बोटं ओली होतील. बाहेर थेंब नाही, आत मात्र कापडावर बारीक मणी जमलेले, आणि कुणी कूस बदलली की त्यातले चार नेमके कानात. तंबू गळत नाही. तो तुमचाच रात्रभराचा श्वास आहे. वरची झडप थोडी उघडी ठेवावी. ज्यांनी थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं ते सकाळी पावसात सापडल्यासारखे दिसतात.

जाळीची चेन मात्र पूर्ण लावा, दर वेळी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येऊ शकते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. शंका आली तरी मांत्रिक नाही, ब्लेड नाही, वाट बघणं नाही. 108 ला फोन आणि दवाखाना. फोनला रेंज गावात कुठे येते हे संध्याकाळीच विचारून ठेवा. प्रत्येक वाडीत असा एक दगड असतो.

नेहमीच्या शंका

*बिबट्या येतो का?*

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या ऊसपट्ट्यात बिबटे राहतात आणि तिथल्या लोकांसाठी ही गमतीची गोष्ट नाही. उसाच्या फडाशेजारी तंबू लावू नये. गावाने नको म्हटलं तर वाद न घालता घरात झोपावं.

*पावसाळ्यात जावं का?*

ताम्हिणी किंवा घाटघरचा पाऊस तंबूच्या कंपनीने पाहिलेला नाही. जायचं तर जावं, पण पडवीत झोपावं.

*शेकोटी पाहिजेच का?*

फोटोसाठी पाहिजे. उबेसाठी स्वेटर. फेब्रुवारीपासून गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीचा वणवा होऊन डोंगर काळा होतो. पेटवलीच तर खळ्याबाहेर, मामा दाखवतील तिथे, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून राखेत हात घालता आला पाहिजे.

*एवढं करण्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर तंबू लावला तर?*

त्यासाठी कमिटीची परवानगी लागते. वनखात्याची लवकर मिळते.

*जागा फारच आवडली. ग्रुपवर लोकेशन टाकू का?*

नको. लोकेशन टाकलं की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या एकालाही मामांचं नाव माहीत नसतं. कुणाला पाठवायचंच असेल तर मामांना विचारून त्यांचा नंबर द्या. ते 'द्या की' म्हणतील, आणि त्याच दमात सांगतील की त्यांना म्हणावं गाडी बांधावर घालू नका, गेल्या खेपेला एकानं पाडला. हा निरोप शब्दशः पोचवावा. पोचवल्याशिवाय नंबर देऊ नये.